काकांचं शेवटपर्यंत ऐकणारा

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या जळकोटच्या काकांएवढा मोठा चोर झाला न्हाय, आणि इथून पुढं होईल असंही मला वाटत न्हाय. आता तुम्ही जरा सरसावून बसला असाल. दरोडा, पोलिसांची गाडी, हायवेवर अडवलेला ट्रक, काकांच्या गालावर एखादा वण, असं काहीबाही डोळ्यापुढं आलं असंल. तर आधीच सांगतो, तुमची निराशा होणार हाय. काकांच्या गालावर वण न्हाय, दाढी करताना राहून गेलेले चार पांढरे खुंट हायेत. पोलीस स्टेशनात ते एकदाच गेले, तेही तिथल्या झेंडावंदनाला माईक लावायला. पण चोरीचा आरोप मात्र त्यांच्यावर दर आठवड्याला यायचा, इंग्रजीत यायचा, आणि आला की काका शेजाऱ्यांना बोलवून चहा पाजायचे.

काका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे मिस्टर. उभं आयुष्य त्यांनी लाउडस्पीकरचा धंदा केला. जळकोटमधी आणि आजूबाजूच्या वाड्यांवर लगीन निघालं की मंडप कुणाचाही असो, भोंगा काकांचा. लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आधी काका लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधायचे आणि गाणं सोडायचे, म्हणजे चार कोसावरच्या माणसालाही कळायचं की आज इकडं कुणाच्या तरी घरी बुंदी पडणार. गाणं चालू असतानाच मधूनमधून त्यांचा आवाज यायचा. नवरदेवाकडच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं. एका लहान मुलाची चप्पल सापडलीय, रंग निळा. असलं सगळं. मग गावोगाव डीजे आले आणि काकांचे भोंगे माळ्यावर गेले. भोंगे गेले, पण सवयी काही माळ्यावर जायला तयार होईनात. काका एका माणसाशी बोलायचं असलं तरी चारशे पानांच्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलतात. हातात येईल त्या वस्तूत आधी दोनदा फुंकर मारतात, मग बोलतात. मोबाईलचं एक वेळ ठीक हाय, पण मी त्यांना पळीत फुंकर मारून मावशीला हाक मारताना बघितलंय. मावशीला ते नावानं कधी बोलवायचेच न्हाईत. “स्वयंपाकघरातल्या मंडळींना विनंती,” म्हणायचे, “बाहेर एक कप चहाची व्यवस्था करावी.” मंडळी एकटीच असायची आणि आतनं तिचं जे उत्तर यायचं, त्याला माईकची गरज नसायची.

दुसरी सवय याहून अवघड. पाठीमागं गाणं वाजत असल्याशिवाय काकांना बोलताच येत न्हाय. इतकी वर्षं गाण्याच्या मधल्या फटीत बोलायची सवय झालेली, त्यामुळं शांतता असली की त्यांची जीभ अडखळते. तहसीलमधी सातबाऱ्यासाठी गेले तरी शर्टाच्या खिशात बारका प्लेअर हळू आवाजात चालू. साहेबानं विचारलं, हे काय वाजतंय. काका म्हणाले, वाजू द्या, बंद केलं तर माझं काय काम हाय तेच मला सांगता यायचं न्हाय.

मावशी पुण्याला गेली आणि काका घरात एकटे उरले. नातू झाला होता, पोरगा आणि सून दोघंही नोकरीवाले, तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून मावशी गेली. नातू आता शाळेत जायला लागलाय आणि मावशी अजून तिथंच हाय. काकाही गेले होते एकदा. पण तिथल्या लिफ्टमधी उभ्या असलेल्या माणसांना त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली, लहान मुलांना मधी घ्या, दारापासून दूर राहा वगैरे, आणि खिशातलं गाणं चालूच. सोसायटीच्या सेक्रेटरीनं दोनदा येऊन सांगितलं. तिसऱ्यांदा यायच्या आत काका एसटीत बसून जळकोटला आलेले होते. आता मावशीचा फोन रविवारी येतो. तीही तिकडं राहून हळू बोलायला शिकलीय. पोरगा घरातच लॅपटॉपवर मीटिंगा करत असतो ना, त्यामुळं मावशी फोनवर बोलते ती दवाखान्यात बोलल्यासारखी. गोळ्या घेता ना, जेवलात ना, ठेवू का. काका “व्हय, व्हय, ठेव,” म्हणतात आणि फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन उगंच म्हशीशी मोठ्यानं बोलतात.

तर या रिकाम्या घरात काकांना व्हिडिओचा नाद लागला. मी धाराशिवला स्टँडसमोर एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, त्यामुळं चॅनेल काढून द्यायचं काम माझ्याकडंच आलं. काका रोज सकाळी मोबाईल खिडकीत टेकवून बसायचे, त्याच्यात दोनदा फुंकायचे आणि गावाचं वर्तमान सांगायचे. नळदुर्गची गाडी आज उशिरा आली. कांद्याचा भाव पडला. अमक्याची म्हैस व्याली, रेडकू धडधाकट हाय. मागं टेपवर जुनं गाणं. बघायला कोण? मी पहिला व्हिडिओ पूर्ण बघितला, दुसरा अर्धा बघितला आणि तिसऱ्यापासून नुसता अंगठा दाबून पुढं जायला लागलो. गावातली माणसं म्हणायची, म्हैस आमच्या डोळ्यासमोर व्याली, ते आता मोबाईलवर कशाला बघायचं.

अशात पहिली नोटीस आली. काका सकाळच्या गाडीनं थेट दुकानात हजर. मी वाचून दाखवलं की तुमच्या व्हिडिओत अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत एका कंपनीच्या मालकीचं गाणं वाजतंय, ते तुम्ही परवानगीशिवाय वापरलंय. मला वाटलं काका घाबरतील, म्हणून मी आधीच स्टूल पुढं सरकवलं होतं. काकांनी ती मिनिटं परत वाचायला लावली. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की समोरच्या गिऱ्हाइकानं मला हळूच विचारलं, लॉटरी लागली का.

“एवढ्या मिनिटापत्तुर ऐकलं त्यानं?” काका म्हणाले.

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. काका, हा कुणी माणूस न्हाय. कंपन्या आपापली गाणी तिथं जमा करतात, आणि मशीन प्रत्येक नव्या व्हिडिओचा आवाज त्या गाण्यांशी ताडून बघतं. जुळलं की आपोआप नोटीस सुटते. काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शाळेत कॉपी करून पास झालोय हे त्यांना आजच कळलंय.

“मागं टेप खुळखुळतोय, त्याच्यावर कुकरची शिट्टी, त्याच्यावर म्हैस, त्याच्यावर मी. त्यातनं गाणं वळखलं. मशीन म्हणतोस व्हय? माझा व्हिडिओ आजपत्तुर कुणी शेवटपत्तुर बघितलाय? तू बघितलास का?”

मी गिऱ्हाइकाच्या मोबाईलचं झाकण उघडायला घेतलं.

“त्यानं बघितला,” काका म्हणाले.

त्या दिवसापासून त्या मशीनचा सायब झाला. सायबाची नोटीस आली की शेजारचे टेलरचाचा आणि गल्लीतले दोघंतिघं चहाला. नोटिशीखाली तुमचं म्हणणं लिहा म्हणून एक चौकोन असतो, त्यात काका तोंडानं सांगून लिहायचे, मोबाईल त्याचं मराठी करायचा. सायब, नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. गाणं तुमचंच हाय, ती टेप म्या सोलापूरला दुकानातनं घेतली व्हती. बाकी इकडं सगळं ठीक. यंदा तूर बरी हाय. तुमच्याकडं थंडी कशी हाय. पुढं काही आठवड्यांनी एखादवेळा तिकडून उत्तर यायचं, की दावा मागं घेतलाय किंवा घेतला न्हाय. काय घेतलं न घेतलं याच्याशी काकांना कर्तव्य नव्हतं. उत्तर आलं म्हणजे झालं.

मग सायबाच्या कानाची परीक्षा सुरू झाली. काकांनी टेप रजईत गुंडाळून वाजवला, सायबानं ओळखला. रिकाम्या टाकीत सोडून वाजवला, ओळखला. पिठाच्या गिरणीत पट्टा चालू असताना वाजवला, तिथंही ओळखला, आणि गिरणीवाल्याला काका अभिमानानं सांगत सुटले की तुझ्या गिरणीच्या आवाजात तुला तुझी बायको ऐकू येत न्हाय, पण त्याला तिकडं बसून गाणं ऐकू गेलं.

पण हळूहळू सायबाचा घोटाळाही दिसायला लागला. मारुतीच्या देवळात भजनी मंडळानं भजन म्हणलं, काकांनी ते टाकलं, तर नोटीस आली की हे अमक्या कंपनीच्या गायकाचं रेकॉर्डिंग हाय. मंडळ खवळलं. भजन आपल्या बापजाद्यांचं, ते कंपनीचं कधी झालं? एकच गडी खूश होता. त्याला मंडळानं बेसूर म्हणून कायम मागं, खांबाच्या आडोशाला बसवलेलं. कंपनीच्या गायकाशी माझा आवाज जुळला म्हणून त्यानं पुढची जागा मागितली, आणि काकांनी नोटीस वाचून दाखवल्यावर ती त्याला द्यावी लागली. पुढं काकांनी तिन्हीसांजेला ज्वारीच्या शेतात उभं राहून नुसते रातकिडे टाकले. त्यावर परदेशातल्या कुणाचा तरी दावा आला. त्यानं म्हणे झोप लागायला मदत म्हणून असला आवाज आधीच स्वतःच्या नावावर करून ठेवलेला. काका त्या दिवशी बांधावर बसून बराच वेळ विचार करत होते. आपल्या रानात जन्मलेले किडे, कधी नळदुर्गच्या पुढं गेले न्हाईत, आणि त्यांचा मालक तिकडं?

सगळ्यात वाईट त्यांना याचं वाटलं, की त्यांनी स्वतः तेच टेपवरचं गाणं घसा मोकळा करून म्हणून टाकलं तर काहीच आलं न्हाय. परत म्हणून टाकलं. काहीच न्हाय. म्या म्हणलं की त्याला ऐकू येत न्हाय का, असं मला विचारत होते. मी सांगितलं, काका, तुमचा सूर मूळ गाण्यापासून इतका लांब जातो की मशीनला ते वेगळंच गाणं वाटतं. म्हणजे कायद्यानं बघायला गेलं तर ते तुमचंच झालं. यावर ते हसले, पण पुरते हसले न्हाईत.

एक व्हिडिओ मात्र काकांनी जिवापाड जपला होता. मावशी मधी एकदा दिवाळीला चार दिवस जळकोटला आली होती, तेव्हाचा. त्यात मावशी दिसत न्हाय, नुसती ऐकू येते. काका कांद्याचा भाव सांगताहेत, मागं टेप चालू हाय, आणि आतनं मावशी तिच्या खऱ्या आवाजात, भांडं आदळून म्हणते, “साऱ्या दुनियेला सांगताय, घरातलं मीठ संपलंय ते कुणी सांगायचं?” मग काका एकदम गप होतात आणि व्हिडिओ संपतो. ज्या मोबाईलवर तो काढला होता तो हौदात पडून गेला. मीच उघडून बघितला होता, आत काही वाचलं नव्हतं. त्यामुळं मावशीचं ते रागावणं आता फक्त चॅनेलवर होतं. काका ते कधीमधी लावायचे. म्हणजे टेलरचाचांच्या सांगण्यावरून बोलायचं तर रोज जेवताना लावायचे.

एक दिवस त्या व्हिडिओतला आवाज गेला. टेपवरच्या गाण्यावर दावा लागला होता, आणि मशीननं गाणं बंद करायला तेवढा तुकडाच मुका करून टाकला. काका ओठ हलवताना दिसतात, पण कांद्याचा भाव न्हाय, म्हैस न्हाय, भांडं न्हाय आणि मावशी न्हाय. मशीनला गाणं शोधता येतं, पण गाण्यावरनं बोलणारी बाई निराळी काढता येत न्हाय. किंवा येत असंल, पण त्यानं काही तेवढी तसदी घेतली न्हाय.

काका यावेळी नोटीस घेऊन दुकानात आले ते चहाचं काही न बोलता. चौकोनात काय लिहायचं ते त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं. “सायब, गाणं तुमचं हाय, घिऊन जावा, माझी तकरार न्हाय. पण त्या गाण्यावर एक बाई बोललीय. ती आमच्या घरातली हाय, तुमच्या कंपनीतली न्हाय. तिचं तेवढं बोलणं माघारी द्या.” मी ते जसंच्या तसं लिहिलं. एक शब्द बदलावा असं वाटलं न्हाय.

उत्तर यायला लई दिवस लागले. आलं ते आधीच्या सगळ्या उत्तरांसारखंच होतं, दावा कायम ठेवलाय म्हणून. काकांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, यात बाईचं काय लिहिलंय? मी म्हणलं, काही न्हाय. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मी वाचलं.

“मंजी त्यानं वाचलंच न्हाय,” काका म्हणाले.

“मशीन हाय ना काका.”

“व्हय. तू म्हणला व्हतास.”

ते स्टँडकडं चालत गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या खिशातनं काही वाजत न्हाय. त्यानंतर चॅनेलवर काही आलं न्हाय. नळदुर्गची गाडी लवकर आली का उशिरा, म्हैस व्याली का, कशाचाच पत्ता लागंना. मी फोन केला की काका नुसतं व्हय, न्हाय करायचे, आणि फुंकर मारायचे न्हाईत. टेलरचाचा म्हणाले, तुझे काका मशीनवर कपडा ठेवून शिलाई मारायची विसरल्यासारखे बसतात.

आता मला आवाज काढायची सवय हाय. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती, आणि ती पोरांनी घेतलीही होती. मावशीचा आवाज तर माझ्या हातचा मळ. तेव्हा एका रविवारी मी जळकोटला गेलो, काकांचा तो मुका व्हिडिओ उतरवून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन, एक पातेलं आदळून, मावशीच्या आवाजात तेच वाक्य म्हणलं. काकांच्या हलत्या ओठांवर कांद्याचा भावही मीच सांगितला. रंगात आलो आणि मावशीच्या तोंडी आणखी एक वाक्य घातलं, “मी म्हणून टिकले या घरात.” बायका म्हणतातच असं. गाणं ठेवलं न्हाय. व्हिडिओ चढवला. मशीनला त्यात काही वावगं दिसलं न्हाय. टेलरचाचा शेजारून ऐकून पळत आले आणि दारातनंच म्हणाले, भाभी कधी आल्या?

काकांनी मोबाईल कानाला लावून ऐकलं. परत ऐकलं. मला वाटलं आता पाठीवर थाप पडणार.

“आवाज तिचाच हाय,” ते म्हणाले. “राग तेवढा तिचा न्हाय.”

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उकळायच्या आत फोन वाजला. पुण्याचा. चाचांनी खुशीत येऊन तो व्हिडिओ थेट मावशीलाच पाठवला होता. मी स्पीकर चालू केला आणि काकांच्या घरातल्या हवेला एकदम जुनी जाग आली.

“मुडद्या, माझ्या आवाजात बोलायची तुला हौस लई आली का रं? ‘मी म्हणून टिकले’ असं मी उभ्या जन्मात कधी म्हणले? तुझ्या समोर म्हणले? तुझ्या आईपाशी म्हणले? टिकायला मी काय लोणचं हाय का? मीठ संपलं म्हणले व्हते ते खरं हाय, आन् ते मीठ त्या दिवशी संध्याकाळपत्तुर आणलं न्हाय तेबी खरं हाय, ते टाक की व्हिडिओत. आन् ते पातेलं असलं वाजतंय व्हय आपल्या घरातलं? कुठलं आदळलंस, दुधाचं? त्याचं बूड आधीच गेलंय.”

काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. हातात गाळणी. डोळे मिटलेले. चहा मागं उतू चालला होता, आणि त्यांनी मला हातानं खूण केली, बोलू नको, बोलू नको. मावशीचा आवाज आता बरोबर चढला होता. पुण्यातल्या त्या घरात इतकी वर्षं ती असं बोलली नसावी. ती माझ्या कॉलेजवर आली, माझ्या केसांवर आली, माझ्या आईनं मला कसं डोक्यावर बसवलं त्याच्यावर आली. मी भ्यालो. लहानपणापासून तिच्या त्या आवाजापुढं मला दुसरं काही सुचत न्हाय. मी म्हणलं, चुकलं मावशी, आत्ता काढून टाकतो, परत न्हाय करणार.

 पलीकडं कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला, आणि पोरगा काहीतरी बोलला, बहुतेक आई हळू. मावशी तिच्या पुण्याच्या आवाजात म्हणाली, बरं, राहू दे. काकांनी गोळ्या घेतल्या का. घ्यायला सांग. ठेवते.

फोन बंद झाला. काकांनी डोळे उघडले, गॅस बंद केला, उतू गेलेला चहा फडक्यानं पुसला, आणि मग माझ्याकडं वळून असे बोलले, की इतक्या वर्षांत ते मला कधी तसं बोलले नव्हते.

“तुला चुकलं म्हणायला कुणी सांगितलं व्हतं? अक्कल हाय का न्हाय? लई दिवसांनी रंगात आली व्हती. जरा उलट बोलायचं व्हतंस, मर्दा. तुझा आवाज असाच हाय म्हणायचं, पातेलंबी तसंच वाजतंय म्हणायचं. न्हायतर माझं नाव सांगायचं. काकांनीच करायला लावलं म्हणायचं. मग ती माझ्याकडं वळली असती.”